झाडवालं घर, जेद्दा

सौदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वाळवंट, उंट आणि कुणाच्या तरी काकांचं टॅक्स-फ्री पॅकेज! म्हणून सांगते, जेद्दाच्या ‘अल-बलद’मध्ये, म्हणजे जुन्या शहरात, मी पहिली दहा मिनिटं नुसती वर बघत चालले. अरुंद गल्ल्या, चार-पाच मजली पांढरट घरं आणि त्यांना बिलगलेले जाळीदार लाकडी सज्जे. हे ‘रोशन’. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं काही नाही, वर वारा फुकट! भिंती तांबड्या समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या, आणि सागवान थेट जहाजानं आणलेलं.

इ.स. ६४७ मध्ये खलिफा उस्मान यांनी जेद्दाला मक्केचं बंदर केलं, तेव्हापासून हाजी इथे उतरताहेत. आपल्या मुंबईहूनही हजची बोट १९९५ पर्यंत जायची.

इथला सुपरस्टार म्हणजे नसीफ हाऊस. १८७२ ते १८८१ या काळात बांधलेलं. दारात चक्क कडुनिंब! एके काळी जुन्या शहरातलं हे एकमेव झाड, त्यामुळे पत्ताच ‘झाडवालं घर’. १९२५ च्या डिसेंबरात शहर ताब्यात आल्यावर राजे अब्दुलअझीझ इथेच मुक्कामाला होते. जिना इतका ऐसपैस, की सामान घेऊन उंट वर चढायचे म्हणे. (आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये फ्रिज मावत नाही.)

मग १९४७ मध्ये तटबंदी पाडली, तेलाचा पैसा आला आणि बडी घराणी उत्तरेकडच्या नव्या बंगल्यांत गेली. त्यांच्या घरांत परदेशी कामगार भाड्यानं राहू लागले. डागडुजी कोण करणार? काही घरं कोसळली, काही जळाली. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, २०१९ मध्ये ५६ इमारतींसाठी ५ कोटी रियाल जाहीर झाले. आता कॅफे, गॅलऱ्या, झकास लाइटिंग.

मस्तच आहे सगळं. पण एक खटकतं. वैभवाच्या कहाणीत व्यापारी आहेत, राजे आहेत. घरमालक निघून गेल्यावर याच खोल्यांत ज्यांनी चुली पेटवल्या, ते येमेनी, आफ्रिकी, आशियाई भाडेकरू कुठेत? त्यांच्याही वाट्याला एखादी खोली येऊ द्या की!

जायचं असेल तर दुपारी अजिबात नको, भाजून निघाल. मगरिबच्या नमाजानंतर जा, बाब मक्काच्या बाजूनं शिरा आणि फ्लॅट चपला घाला.