दादाचे अकरा लाख

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. माझा चुलतभाऊ अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीतला आहे, तोही रजेवर आला होता. चार वर्षं पूर्ण झाली की त्याला सेवा निधीचे सुमारे 11.71 लाख रुपये मिळणार आहेत. दरमहा पगारातून 30 टक्के कापले जातात, सरकार तेवढीच भर घालतं आणि वर व्याज, अशी ही रक्कम उभी राहते. पण पैसे हातात येण्याआधीच सल्ले देणारे घरी यायला लागले होते. ओळखीचे एक गृहस्थ ओसरीवर बसून म्हणाले, "दहा लाख माझ्याकडे दे. महिन्याला पाच टक्के. गॅरंटी माझी."

दादाला ते पटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. माझे पप्पा सुभेदार आहेत. ते रागावले नाहीत. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "चक्रवाढ व्याज शिकलास ना? मग काढ वही."

मी गणित मांडलं. महिन्याला 5 टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ 80 टक्के. दहा लाखांचे चार वर्षांत एक कोटीच्या वर! पप्पा म्हणाले, "एवढं मिळत असेल तर हा माणूस बँकेचं कर्ज काढून स्वतःच का नाही लावत? आपल्या ओसरीवर कशाला येतो?" पीपीएफवर सरकार 2020 पासून 7.1 टक्के देत आहे. त्या दराने पैसे दुप्पट व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. यापेक्षा कितीतरी जास्त आणि तेही गॅरंटीने, असं कुणी म्हणालं तर आधी वही काढायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

पण दादाचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "मग सगळे शेअर बाजारात टाकू का? तिथे पंधरा टक्के मिळतात म्हणे."

शाळेत परत आल्यावर मी याची उत्तरं शोधली. सेन्सेक्सची सुरुवात 1979 मध्ये 100 अंकांपासून धरतात. 4 जून 2024 ला, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मोठी घसरण होऊनही तो 72 हजारांवर बंद झाला. म्हणजे 45 वर्षांत दरवर्षी सरासरी 15 टक्क्यांहून थोडं जास्त. दादाने ऐकलं ते खोटं नव्हतं. पण जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांच्या आसपास होता. त्या दिवसापासून मोजलं तर त्याच 4 जूनपर्यंत सरासरी 8 टक्केसुद्धा भरत नाही. (दोन्ही हिशोबांत लाभांश धरलेला नाही.) शिवाय मधल्या काळात, मार्च 2009 मध्ये, तो 8 हजारांच्या जवळ आला होता आणि पुन्हा 21 हजार गाठायला नोव्हेंबर 2010 उजाडला. बाजार एकच, देश एकच. फक्त सुरुवातीची तारीख वेगळी. म्हणून "बाजार पंधरा टक्के देतो" हे वाक्य अर्धवट आहे, असं माझं मत आहे. कुणाला, कधीपासून आणि किती वर्षं थांबल्यावर, हे त्यात नाही.

थांबण्याबद्दल 2020 चं उदाहरण बघा. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांनी पडून 26 हजारांच्या खाली आला. त्याच वर्षाअखेर तो 47 हजारांवर होता. पण त्या मार्चमध्ये ज्याला बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती, त्याला डिसेंबरचा काय उपयोग? त्याला पडत्या भावात विकावंच लागलं असणार. म्हणजे नुकसान फक्त बाजारामुळे होत नाही. लवकर लागणारे पैसे तिथे ठेवल्यामुळेही होतं.

आउटपासच्या दिवशी मेट्रोत शेजारचा तरुण मोबाइलवर लाल-हिरव्या रेघा बघत असतो. मिनिटामिनिटाला त्याचा चेहरा बदलतो. सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या 93 व्यक्तींना तीन वर्षांत तोटाच झाला. याला मी गुंतवणूक म्हणणार नाही.

काही पालक म्हणतील, फौजी माणसाने या भानगडीत पडूच नये. मला हे पूर्ण पटत नाही. महागाई 6 टक्के धरली तर 7.1 मधला एकच टक्का खरा आपला उरतो. वीस वर्षं हात न लावता येतील असे पैसे बाजारात घालायला हरकत नाही. फक्त ते हप्त्याहप्त्याने घालावेत आणि एखाद्या टीपवर नव्हे, तर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या साध्या फंडात. आणि मधली दोन-तीन वर्षं वाईट जाणार, हे आधीच धरून चालावं. क्रॉस कंट्रीत चढ येणार हे माहीत असलं की चढावर कुणी रडत नाही.

मी दादाला पत्रात लिहिलं की आधी पैशांचे तीन ढीग कर. नोकरी लागेपर्यंतचा खर्च बचत खात्यात, पुढच्या तीन-चार वर्षांत घराला आणि शिक्षणाला लागणारे मुदत ठेवीत, आणि उरतील तेवढेच बाजारात. त्याने अजून काही ठरवलेलं नाही. पण पाच टक्केवाल्यांना "नको" म्हणाला, एवढं काकूने फोनवर सांगितलं.

आपल्यातले काही जण सहा-सात वर्षांनी अकादमीत महिना 56,100 रुपये विद्यावेतन घेत असतील. आपल्याला रायफल हातात देण्याआधी ती कशी हाताळायची हे शिकवतात. पहिला पगार हातात येण्याआधीही कुणीतरी शिकवायला हवं. अकरावीला आठवड्यातून एक तास यासाठी मिळावा, अशी आमच्या सरांना माझी विनंती आहे. पुस्तक नसलं तरी चालेल, वही पुरेशी आहे.