गुडघा कुणाचा, विद्या कुणाची?

पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांपुढे कुत्र्याच्या गुडघ्याचा प्रश्न मांडला, तर निम्मे हसतील आणि उरलेले रागावतील. जिथे माणसाचे मोडलेले हाड नीट बसवून घेण्यासाठी अनेकांना मुंबईची वाट धरावी लागते, तिथे हे श्रीमंतांचे चोचले कशाला, असे ते विचारतील. हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

आधी बैलाचे उदाहरण घेऊ. बैलाच्या किंवा म्हशीच्या मागच्या पायातील गुडघ्याची वाटी कधी कधी वर अडकून बसते. पाय मागे ताठ होतो आणि जनावर तो झटका देत ओढते. पशुवैद्य तेवढी जागा बधिर करतो, लहानशी चीर घेतो आणि वाटीचा आतल्या बाजूचा अस्थिबंध कापतो. बहुधा जनावर तिथल्या तिथे पाय वाकवून चालू लागते. ही शस्त्रक्रिया गोठ्यापुढच्या अंगणातही होऊ शकते. ती पशुवैद्यकाच्या नेहमीच्या शिक्षणाचा भाग आहे आणि ते शिक्षण सार्वजनिक पैशातून दिले जाते. १८८६ साली मुंबईत सुरू झालेल्या, आज परळला असलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांनी ती खेड्यापाड्यांत नेली. शेतकऱ्याला त्यासाठी कुणाच्या पेटंटाची परवानगी घ्यावी लागली नाही.

आता कुत्र्याकडे वळू. त्याच्या गुडघ्यात फुलीच्या आकारात दोन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा झिजत जातो आणि एके दिवशी तुटतो. मग प्रत्येक पावलाला मांडीचे हाड नडगीच्या हाडाच्या उतरत्या माथ्यावरून मागे घसरते. आतली कूर्चा चिरडते, सांधा सुजतो आणि पुढे कायमचा संधिवात जडतो. ज्याचा एक गुडघा असा गेला, त्याचा दुसराही जाण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. लहान चणीचा कुत्रा कधी विश्रांतीने सावरतो, पण भारी अंगाचा सहसा सावरत नाही.

यावर अमेरिकेतील बार्कले स्लोकम या पशुशल्यविशारदाने जो उपाय काढला, त्याचे वर्णन १९९३ साली प्रसिद्ध झाले. नडगीच्या हाडाचा माथा गोलाकार करवतीने कापायचा, तो फिरवून त्याचा उतार कमी करायचा आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून हाड जखडायचे. कल्पना बुद्धिमान होती आणि परिणामही चांगले दिसले. परंतु या शस्त्रक्रियेवर आणि तिच्या हत्यारांवर पेटंट घेण्यात आले. शोधकाचा सशुल्क वर्ग पुरा करून करारावर सही करावी, मगच करवत हाती मिळावी, अशी व्यवस्था झाली. ती पेटंटे आता संपली आहेत, पण रीत उरली आहे. आजही हे कौशल्य मुख्यतः मोठ्या शहरांतील महागड्या कार्यशाळांत मिळते. ज्याला शुल्क परवडते तो शिकतो, आणि शिकल्यावर ते शुल्क रुग्णाकडून वसूल करतो. पेणच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरला तिथे कोण पाठवणार?

या व्यवस्थेत धनवंतही सुटत नाही. दिवंगत रतन टाटा यांना आपला कुत्रा सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावा लागला. तिथे पोहोचायला उशीर झाला होता आणि अखेर सांधा एका स्थितीत जखडून टाकावा लागला. त्या अनुभवानंतर टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला सुरू झाले. आधी ते कळंबोलीला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात, व्हायचे होते. लोकांना दूर पडेल म्हणून जागा बदलली. मुंबईकराला कळंबोली दूर वाटत असेल, तर रोह्याच्या डोंगरातील धनगराला महालक्ष्मी किती दूर असेल, याचा हिशेब कुणी केला?

कारण त्या धनगराचा कुत्रा हा शोभेचा प्राणी नव्हे. रोहा-मुरुडच्या हद्दीवर फणसाडचे अभयारण्य आहे आणि तिथे बिबट्याचा वावर आहे. वाडीवरच्या शेळ्या रात्री सुरक्षित राहतात त्या राखणीच्या कुत्र्यामुळे. शेळी हे भूमिहीनाचे भांडवल असेल, तर तिची राखण करणारा कुत्राही त्याच्या संसारातला कष्टकरी आहे. तो तीन पायांवर आला की धनी दोन दिवस हळद लावतो, आठवडाभर वाट पाहतो आणि मग नशिबाला दोष देतो. कुत्र्याचा गुडघा दुरुस्त होऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

आणि दुरुस्तीला दर वेळी ती करवत लागतेच असे नाही. जुनी, साधी रीत आहे. सांध्याच्या बाहेरून, मांडीच्या हाडामागच्या लहानशा हाडाला वळसा घालून नडगीच्या हाडात पाडलेल्या छिद्रापर्यंत नायलॉनचा जाड दोरा ताणून बांधायचा. हा दोरा मुळात मासे पकडण्याच्या गळाला वापरतात त्याच जातीचा. भारी कुत्र्यांत या रीतीचा परिणाम करवतीच्या शस्त्रक्रियेइतका खात्रीचा नसतो, हे मान्य केले पाहिजे. पण काहीच न करण्यापेक्षा ती पुष्कळ बरी. निदानाला तर आधी हातच पुरतात: मांडीचे हाड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची, ती खणासारखी सरकली, तर अस्थिबंध तुटला आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, तालुका दवाखान्यांतील पशुवैद्यकांना या निदानाचे आणि दोऱ्याच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण परळच्या महाविद्यालयात सरकारी खर्चाने मिळावे आणि त्या काळात त्यांच्या जागी बदली डॉक्टर यावा. दुसरी, पेण आणि रोहा येथे क्ष-किरण यंत्र आणि सुरक्षित भूल देण्याची सोय कायम चालू स्थितीत असावी. तिसरी, हाड कापण्याची शस्त्रक्रिया जिल्ह्यात एकाच सरकारी केंद्रात व्हावी, कारण तिथे हात सरावात राहिला पाहिजे. तालुक्या-तालुक्याला करवत वाटून काही साधणार नाही. चौथी, महालक्ष्मीचे रुग्णालय महापालिकेच्या जमिनीवर उभे आहे. अशा संस्थांनी सरकारी पशुवैद्यकांसाठी प्रशिक्षणाच्या काही जागा विनाशुल्क राखाव्यात.

माणसांचे दवाखाने आधी, हा आग्रह सोडण्याचे काहीच कारण नाही. पण गुरांच्या डॉक्टरला विद्या दिल्याने माणसाच्या डॉक्टरची विद्या कमी होत नाही. उलट, शस्त्रक्रियेचे ज्ञान ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे तत्त्व आपण कुत्र्याच्या गुडघ्यापाशी सोडून दिले, तर उद्या माणसाच्या गुडघ्यापाशी ते कोणत्या तोंडाने मांडणार? पुढच्या तालुका सभेच्या विषयपत्रिकेत या चार मागण्या घालाव्यात, आणि सभेला पशुधन विकास अधिकाऱ्यांनाही बोलवावे. त्यांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐकली, तर आपले निवेदन अधिक भक्कम होईल.