अमेरिका करारातून बाहेर पडली, आपला हिशेब काय?



अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, पॅरिस हवामान करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. वर्षभराची मुदत संपून २७ जानेवारी २०२६ रोजी ते अमलात आले. तेव्हापासून आपल्या मंडळींत बसले की एक प्रश्न हमखास निघतो : “एवढा मोठा देश हात झटकतो, मग आपण डोईफोडियात चार झाडे लावून काय होणार?” प्रश्न रास्त आहे. म्हणून जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडून पाहू.

आधी नावेची बाजू. औद्योगिक काळापासून आजवर हवेत सर्वाधिक कार्बन सोडणारा देश अमेरिका आहे. तो बाजूला झाला की इतरांवरचा भार वाढतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे मान्य केले. गरजू देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती आणि भारताने तिथेच नाराजी नोंदवली. आता त्या तुटपुंज्या रकमेतूनही मोठा वाटेकरी गेला. हे नुकसान खरे आहे, ते झाकून आशा धरण्यात अर्थ नाही.

आता जमेची बाजू. अमेरिका दुसऱ्यांदा बाहेर पडली आहे. २०१७ मध्ये घोषणा झाली, ४ नोव्हेंबर २०२० रोजी ती बाहेर पडली आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी परत आली. तिच्या मागोमाग दुसरा कोणताही देश कराराबाहेर गेला नाही. दुसरी गोष्ट भावाची. आपल्याच मध्य प्रदेशात रीवाच्या सौर प्रकल्पाला २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे दर मिळाला. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वर जलाशयावर सौर पट्ट्या तरंगत आहेत. वीज स्वस्त झाली की घेणारा कराराकडे पाहत नाही, बिलाकडे पाहतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेचा निम्मा वाटा आता कोळसा-वायूखेरीजच्या स्रोतांचा आहे. उद्दिष्ट २०३० चे होते. मात्र मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल यांत फरक असतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा अजून मोठा आहे. आनंद मानावा, पण खाते बंद करू नये.

हे सारे आपल्या दाराशी का आणायचे? कारण आपली केळी. उन्हाळा तापला की पाने करपतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक वादळ आले की घड लागलेली बाग तासाभरात आडवी होते. सीमेपलीकडे जळगाव जिल्ह्यात केळीला हवामान आधारित पीक विमा आहे : थंडी, उष्णता, वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई मिळते. वारा सीमा पाहून थांबत नाही. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळी उत्पादक तसाच विमा मागत आले आहेत. त्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये होत नाही, भोपाळला होतो. तिथे आपला आवाज पोहोचू शकतो.

पाण्याचेही तसेच. जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. नळ आला, पण नळामागे भूजल हवे. बोअर दरवर्षी खोल नेऊन ते मिळणार नाही. तापी पुनर्भरण प्रकल्पावर दोन्ही राज्यांनी १० मे २०२५ रोजी करार केला. करार म्हणजे पाणी नव्हे, आणि ज्यांच्या जमिनी त्यात येतील त्यांचा हिशेब आधी व्हायला हवा.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात तो बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भुयारात घेऊन, पंपाशिवाय, केवळ उताराने शहरात आणले. पुढे खानखानांवरची बादशहाची मर्जी फिरली, पदवी गेली, मुलगा मारला गेला. बादशाहीही गेली. पाणी मात्र वाहतच राहिले, कारण ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. आणि जिथे डोंगर उघडे पडले, बोअरने पाणी खाली ओढले, भुयारात चुन्याचे थर साचले आणि कोणी काढले नाहीत, तिथे प्रवाह आटला. तो आटायला राजकारणाची गरज लागली नाही, आपले दुर्लक्ष पुरले.

आमची आशा या अनुभवावर उभी आहे. वरचे हुकूम बदलतात, जमिनीत केलेले काम टिकते, पण त्याची निगा आपणच राखावी लागते.

म्हणून सभासदांना तीन विनंत्या. पहिल्या पावसाआधी छताचे पाणी शोषखड्ड्यात किंवा विहिरीत सोडण्याची सोय प्रत्येक घराने करावी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील संचाला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान आहे. कर्ज घ्यायचे असल्यास हप्ता आणि वाचणारे बिल आधी कागदावर मांडून पाहावे. आणि पुढच्या ग्रामसभेत केळी विम्याचा ठराव मांडून तो लेखी नोंदवून घ्यावा.

यातले काहीही करायला अमेरिकेच्या परत येण्याची वाट पाहावी लागत नाही.