चाळीस युनिटांचं बिल

गेल्या महिन्यात डहाणूत एक व्याख्यान झालं. वक्ते मुंबईहून आले होते आणि वीजक्षेत्राचे जाणकार अशी त्यांची ओळख करून देण्यात आली होती. आकडे त्यांना पाठ होते, आवाज खणखणीत होता. तासाभराच्या बोलण्याचं सार एवढंच होतं: वीज महागली ती कोळशाला नावं ठेवणाऱ्यांमुळे, आणि नावं ठेवायला सुरुवात झाली ती तुमच्या डहाणूत. यावर टाळ्या पडल्या, आणि त्यांतल्या काही माझ्या ओळखीच्या हातांच्या होत्या. हा लेख त्या टाळ्यांमुळे लिहितो आहे.

रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी मांडतो. देशाची जवळजवळ पाऊण वीज आजही कोळशातून येते. २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा खणून काढला. कोळसा घरचा, म्हणून त्याची वीज स्वस्त. ती महाग झाली ती उपकरामुळे, गंधक काढणाऱ्या यंत्रांमुळे, कोर्टकज्ज्यांमुळे आणि सौरऊर्जेच्या हट्टामुळे. ज्या तालुक्याने तीस वर्षं अडवणूक केली त्याने बिलाबद्दल कुरकुरू नये. आणि डोंगरातल्या पाड्यांवर दिवा लागला तोही कोळशाच्याच कृपेने. वक्त्यांचे शब्द याहून मऊ होते, पण अर्थ हाच होता.

पाऊण वीज कोळशाची, हे खरं आहे. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला बिगर-कोळसा, बिगर-वायू हिस्सा निम्म्यावर गेला म्हणून काहीजण विजयोत्सव करतात. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे, आणि सूर्य मावळल्यावर पंखा फिरतो तो बहुतेक ठिकाणी कोळशावरच. हे मी मान्य करतो. माझं भांडण कोळसा जाळण्याशी नाही, ‘स्वस्त’ या शब्दाशी आहे.

मी तलासरी तालुक्यात शिक्षक होतो. निवृत्तीनंतरही पाड्यांवरची माणसं वीजबिल वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. असंच एक चाळीस युनिटांचं घर घ्या. दोन दिवे, एक पंखा, मोबाइलचं चार्जिंग, एखादा जुना टीव्ही. २०२४-२५ च्या दरपत्रकानुसार ग्रामीण महाराष्ट्रातल्या साध्या घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे. म्हणजे चाळीस युनिटांची वीज १८८ रुपये ४० पैशांची आणि वहन ४६ रुपये ८० पैशांचं. त्यावर स्थिर आकार १२८ रुपये. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते झालं ५८ रुपये. एकूण ४२१ रुपये, म्हणजे युनिटमागे साडेदहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या जोडणीला वेगळा दर आहे. पण यादीत नाव न लागलेली गरीब घरं आमच्याकडे किती आहेत, ते पाड्यावर जाऊन पाहावं.

आता याच बिलात कोळसा शोधा. स्थिर आकारात तो नाही, वहन आकारात नाही, आणि शुल्क तर सरकारच्या तिजोरीत जातं. हे तिन्ही मिळून २३३ रुपये होतात, ४२१ मधले निम्म्याहून जास्त. उरलेल्या १८८ रुपयांतही वीजकेंद्राचं भांडवल, व्याज, पगार, गळती आणि एका ग्राहकाचा भार दुसऱ्यावर टाकण्याची सगळी गणितं बसलेली आहेत. उद्या खाणीवाल्यांनी कोळसा फुकट दिला तरी त्या घराचं बिल निम्मंसुद्धा होणार नाही. तासभर ‘स्वस्त कोळसा’ सांगणाऱ्या जाणकाराने हे एक बिल उलगडून का दाखवलं नाही? ते सगळ्यांच्या घरात खुंटीला अडकवलेलं असतं.

हवा तर दुसरा पुरावा देतो. त्यासाठी दिल्लीचे अहवाल चाळायला नकोत, तलासरीहून उधव्याला जाणारी एसटी पुरेल. उधव्याच्या पुढे थोडं गेलं की दादरा-नगर हवेलीची हद्द लागते. पलीकडे नातीगोती आमचीच आहेत, वारली, कोकणा, धोडिया कुटुंबं दोन्हीकडे आहेत, लग्नाची वऱ्हाडं इकडून तिकडे जातात. पण घरगुती विजेचा दर तिकडे आमच्यापेक्षा कितीतरी कमी आहे. का? त्यांच्याकडे कोळसा निघतो का? नाही. त्यांची वीज मुख्यतः केंद्रीय प्रकल्पांच्या वाट्यातून येते. कोरबा आणि विंध्याचल इथल्या एनटीपीसीच्या केंद्रांतून हवेलीला वाटा आहे आणि महाराष्ट्रालाही. कोळसा तोच, धुराडं तेच, राष्ट्रीय ग्रीडही तेच. हद्दीच्या दगडापाशी दर बदलतो, कारण तिकडे जवळजवळ सगळी वीज कारखाने घेतात, शेतीपंप नगण्य आहेत, गळती कमी आहे आणि तारा आखूड आहेत. आमच्याकडे चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा पसारा एका खात्यात आहे. कोणाला कोणाबरोबर एका खात्यात बसवायचं, यावर घराघरातला दर ठरतो. पलीकडे राहणारी आत्या आणि अलीकडे राहणारा भाचा यांच्या बिलातला फरक डहाणूच्या पर्यावरणवाद्यांनी पाडला, असं वक्त्यांनी त्या आत्यासमोर म्हणून दाखवावं.

आता डहाणूच्या ‘अडवणुकी’बद्दल. खाडीच्या काठावरचं ५०० मेगावॅटचं केंद्र बीएसईएसने उभारलं, ते १९९५ मध्ये चालू झालं, पुढे रिलायन्सकडे गेलं आणि २०१८ पासून अदानींकडे आहे. पूर्ण भाराने चालल्यास ते दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज तयार करतं आणि त्यासाठी सात-आठ हजार टन कोळसा जाळतं, म्हणजे मालगाडीचे साधारण दोन रेक, रोज. ही वीज मुंबईच्या उपनगरांसाठी बांधलेली आहे. तिच्या तारा घोडबंदर-वर्सोव्याकडे जातात. आमच्या शेतांवरून, आमच्या डोक्यावरून जातात, उतरत मात्र नाहीत.

या केंद्राविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फेटाळला. म्हणजे अडवणूक यशस्वी झालीच नाही, केंद्र उभं राहिलं. मात्र धुरातलं गंधक काढण्याच्या यंत्रणेची अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असंही न्यायालयाने तेव्हाच बजावलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं. एवढं सगळं असून ती यंत्रणा बसली केव्हा? २००७ मध्ये. बारा वर्षं केंद्र त्या यंत्रणेशिवाय चाललं. अटींमुळे वीज महागत असेल, तर या बारा वर्षांत ती किती स्वस्त होती? आणि ती स्वस्ताई कोणाच्या हाती पडली? डहाणूच्या तर नाहीच. डहाणूच्या वाट्याला त्या बारा वर्षांचा धूर आला. ती यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते, चुनखडीच्या खाणी खणाव्या लागत नाहीत, समुद्र दाराशीच आहे. तरी बारा वर्षं लागली.

पण डहाणूच्या बागांतला चिकू कमी झाला तो केवळ केंद्राच्या राखेने, असं मी म्हणणार नाही. बुरशीने फळं गळतात, बी पोखरणारी अळी आहे, बागा म्हाताऱ्या झाल्या आहेत. आमच्यातल्याच काहींनी सगळं खापर धुराड्यावर फोडलं, ते चूक होतं, आणि त्याचा फायदा समोरच्यांनी उठवला.

उपकराचा मुद्दा. २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या नावाने टनामागे ५० रुपये बसवले गेले, २०१६ पर्यंत त्याचे ४०० झाले. युनिटमागे साधारण सव्वीस-अठ्ठावीस पैसे. पण २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. यात पर्यावरणवाद्यांचा हात कुठे दिसतो?

सौरऊर्जेमुळे दर वाढले म्हणता, तर २०२२ मध्ये परदेशी महाग कोळसा मिसळायचा हुकूम सुटला आणि इंधन समायोजन आकार बिलात घुसला, तो कुठल्या सूर्याने पाठवला?

आणि पाड्यावरचा दिवा कोळशाच्या कृपेने लागला म्हणता, तर तो माणूस त्याचे युनिटला साडेदहा रुपये मोजतो. विकत घेतलेल्या वस्तूला कृपा म्हणत नाहीत.

हा ‘देशासाठी थोडं सोसा’ सूर आमच्या कानांना नवा नाही. सूर्या नदीवर धामणीला धरण झालं, तेव्हा कालव्याचं पाणी डहाणू-पालघरच्या शेतांना मिळणार होतं. पुढे मोठाल्या नळांनी ते पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे निघालं. तेव्हाही सभा झाल्या, आकडे फेकले गेले, ‘तहानलेल्या शहराला पाणी नको का म्हणता?’ असं आम्हालाच विचारलं गेलं. आम्ही नको म्हटलं नव्हतं. आमच्या शेताचं काय, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही आणि परवाच्या व्याख्यानातही नाही. पाण्याच्या ठिकाणी फक्त वीज आली.

मग मला हवं तरी काय? केंद्र बंद करा, असं मी म्हणत नाही. जलविद्युत प्रकल्पांना देशात एक नियम लागू आहे: यजमान राज्याला १२ टक्के वीज मोफत. २००८ च्या धोरणाने आणखी १ टक्का स्थानिक विकास निधीसाठी ठेवला. नदी ज्याची बुडते त्याला वाटा, हे तत्त्व सरकारने स्वतःच मान्य केलं आहे. खाणीच्या जिल्ह्यांनाही २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. ज्या खाडीत कोळशाच्या केंद्राचं गरम पाणी सुटतं आणि ज्या हवेत त्याचा धूर मिसळतो, तिथल्या तालुक्याला असा वाटा नाही.

तो द्यावा. १२ टक्के नको, १ टक्का द्या. डहाणूचं केंद्र पाऊण भाराने चाललं तरी वर्षाला साधारण ३२८ कोटी युनिट वीज तयार होते. त्याचा १ टक्का म्हणजे ३ कोटी २८ लाख युनिट. महिन्याला पन्नास युनिट जाळणारी चोपन्न हजार घरं त्यात वर्षभर उजळतील. उपनगरातल्या ग्राहकावर त्याचा बोजा शंभर युनिटांमागे एका युनिटाचा. आणि तो वाटा मिळेपर्यंत निदान चाळीस युनिटांच्या घराचा स्थिर आकार वापराच्या प्रमाणात करावा. ज्या घरात एसी नाही त्याने एसीवाल्याइतका स्थिर आकार का भरावा? आश्रमशाळांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवाव्यात, दिवसा मुलं तिथेच असतात आणि दिवसाच ऊन असतं. शेतीपंपांना साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत वीज देण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला, तो चांगलाच आहे. पण आमच्या डोंगरातला भात पावसावर पिकतो, तिथे पंपच नाही, म्हणून ती सवलत आमच्या पाड्यांपर्यंत चढत नाही.

या वाट्याला कायद्यात आधार नाही, असं उत्तर येईल. एके काळी जलविद्युतलाही नव्हता, डोंगरी राज्यांनी मागून तो मिळवला. डहाणू आणि तलासरीच्या ग्रामसभांनी तसा ठराव करावा आणि त्या ठरावाला चाळीस युनिटांचं एक बिल जोडावं. बिल मी आणून देतो.