स्वमग्न नेमके कोण?

दरवर्षी २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, देशातील काही वास्तू निळ्या प्रकाशात उजळतात. त्याच सुमारास ऑटिझमच्या जनुकांविषयी, मेंदूच्या प्रतिमांविषयी आणि निदान करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बातम्या येतात. त्या बातम्यांत संशोधक बोलतात, डॉक्टर बोलतात, फार तर एखादी आई बोलते. ज्यांच्याविषयी हे सारे चालले आहे त्या ऑटिस्टिक व्यक्ती मात्र केवळ नमुन्याच्या संख्येत असतात. याला कोणी शिष्टाचारातील उणीव म्हणेल. माझ्या मते ती विज्ञानातील उणीव आहे, आणि ती दूर होईपर्यंत या संशोधनावरील सार्वजनिक पैशाने ऑटिस्टिक माणसाचा एकही दिवस सुकर होणार नाही.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. मराठीने ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द दिला. शब्द सुरेख आहे, परंतु त्यात चौकशीआधीच निकाल दिलेला आहे: ही व्यक्ती स्वतःत बुडालेली, तिला इतरांचे सोयरसुतक नाही. संवाद तुटला तर दोष एकाच टोकाला, हे गृहीतक त्यामागे आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचे वर्णन केले, तेव्हापासून कित्येक दशके संशोधनाचा मुख्य प्रवाह याच गृहीतकावर चालला.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ मांडली. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, ऑटिस्टिक व्यक्तीला इतरांचे मन उमगत नसेल, तर इतरांनाही तिचे मन तितकेच उमगत नाही. हे म्हणणे पुढे प्रयोगाने तपासले गेले. कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे एक गोष्ट माणसांच्या साखळीतून पुढे पाठवायची आणि शेवटी किती तपशील उरला ते मोजायचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ ऑटिस्टिक व्यक्तींची साखळी इतरांच्या साखळीइतकीच विश्वासार्ह ठरली. मिश्र साखळीत मात्र तपशील अधिक गळाला. २०२५ च्या अधिक मोठ्या अभ्यासात तिन्ही साखळ्यांत फरक आढळला नाही. मिश्र साखळीविषयीचे निकाल जुळत नाहीत, आणि विज्ञानात असे होतेच. परंतु ऑटिस्टिक व्यक्ती आपसांत माहिती पोचवण्यात उण्या असतात, या समजुतीला दोहोंपैकी एकही निकाल आधार देत नाही.

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. आमच्याकडे एखाद्या शोधकयंत्राला ठरावीक ऊर्जेचे कण टिपताच येत नसतील, तर नोंदवहीतील शून्याचा अर्थ ‘कण नाहीत’ असा कोणी लावत नाही; आधी यंत्र तपासले जाते. माणसांविषयीच्या संशोधनात प्रश्न विचारणारा हाही मोजणीच्या यंत्राचाच भाग असतो. सर्व प्रश्न एकाच प्रकारच्या मनांनी रचले, तर जे निसटेल त्याची नोंदच होणार नाही. ऑटिस्टिक संशोधकाची गरज आहे ती यासाठी. त्याला दयेची वा प्रतीकात्मक प्रतिनिधित्वाची बाब समजण्याचे कारण नाही.

आता भारताकडे पाहू. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात ऑटिझमचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याला स्थान दिले. २०११ च्या जनगणनेत मात्र ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाने देशाच्या पाच भागांतील मुलांची पाहणी केली; सुमारे आठांपैकी एका मुलात मज्जाविकासाशी निगडित किमान एक स्थिती आढळली. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही असाच मोलाचा. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या लयीने प्रतिसाद द्यायला शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले संवादाला अधिक वेळा स्वतःहून सुरुवात करू लागली. येथे आधी बदलले ते मोठे माणूस, हे ध्यानात घ्यावे.

परंतु या दोन्ही अभ्यासांतील मुले २ ते ९ वर्षांची होती. त्यांतील अनेक आज प्रौढ आहेत. त्यांना वसतिगृहात झोप लागते का, नोकरी का सुटते, आईवडिलांच्या पश्चात कोठे राहायचे, या प्रश्नांना आपल्या संशोधनात फारच थोडी जागा आहे. रोजच्या जगण्याचे प्रश्न विज्ञानाने मोकळे सोडले की तेथे बाजार शिरतो. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची जाहिरात इतकी बोकाळली की डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाला त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घ्यावी लागली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, जे बोलत नाहीत किंवा ज्यांना बौद्धिक दिव्यांगत्वही आहे, ते संशोधनात कसे भाग घेणार? चित्रफलक, टंकलेखन, आवडीनिवडीचे धीराने केलेले निरीक्षण असे मार्ग आहेत. जवळच्या माणसांचे म्हणणे जरूर घ्यावे, पण व्यक्तीच्या म्हणण्याला जोड म्हणून. त्याच्या बदली नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो सर्वांत दुबळा आहे. तीन तासांच्या लेखी परीक्षेला पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक तास अधिक देण्याची तरतूद आहे. मग तोंडी परीक्षेचे प्रश्न लेखी हाती द्यायला कोणता निधी लागतो? प्रयोगशाळेतील गुणगुणणारी ट्यूबलाइट बदलणे, वेळापत्रकातील बदल आदल्या दिवशी लेखी कळवणे, परिषदेत एक शांत खोली राखून ठेवणे, ‘लवकर द्या’ऐवजी तारीख सांगणे, यांसाठी कोणत्या मंत्रालयाची मंजुरी हवी?

निधी देणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे आयसीएमआर, जैवतंत्रज्ञान विभाग आणि अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन यांच्याकडे, माझी मागणी एका पानाची आहे. ऑटिझमवरील प्रत्येक प्रस्तावात लिहिलेले असावे: संशोधनाचा प्रश्न ठरवताना कोणत्या ऑटिस्टिक व्यक्ती सोबत होत्या, त्यांना कामाचा मोबदला किती मिळेल, आणि निष्कर्ष त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत कसे पोचतील. हे पान कोरे असेल, तर प्रस्ताव परत जावा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, ऑटिझमवरची पुढची बातमी वाचाल तेव्हा तिच्या खाली हेच तीन प्रश्न विचारा. आणि तुमच्या विभागात तोंडी परीक्षेचे प्रश्न लेखी मिळू शकतात का, याची चौकशी याच सत्रात करा. तुमच्याच वर्गात कोणीतरी ते विचारण्याचे धाडस न झाल्यामुळे गप्प बसलेले असण्याची शक्यता आहे, आणि आपण त्यालाच स्वमग्न म्हणत असतो.