नकार, मौन आणि ‘सर्व्हर डाऊन’

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम महिना होत आला होता. दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. यंत्रांबरोबर त्यांची भाषाही येते. ती समजावून देण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र ठरलेले नसते.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे संपर्क तुटण्याला दोनच नावे आहेत: ‘रेंज नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन’. पडद्यावर मात्र निरनिराळे इंग्रजी संदेश उमटतात. मराठीच्या अध्यापकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या मते हा प्रश्न मुळात शब्दार्थाचाच आहे.

‘होस्ट नॉट फाउंड’ म्हणजे नावावरून पत्ताच लागला नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे हाक पोचली, परंतु पलीकडून स्पष्ट नकार आला. बहुधा यंत्र चालू असते, पण त्या दारी दाद घेणारे कोणी नसते. ‘कनेक्शन रीसेट’ म्हणजे बोलणे सुरू झाले आणि मध्येच तोडले गेले. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तरच आले नाही. टॉवर, वाटेतील तार किंवा गर्दीने दमलेला सर्व्हर, यांपैकी दोष कोठेही असू शकतो.

मौन म्हणजे संमती, असे आपण म्हणतो. येथे मौन म्हणजे संमतीही नव्हे आणि नकारही नव्हे. रक्कम पाठवल्यावर उत्तर येण्याआधी वेळ संपली, तर ती पोचली की नाही हे त्या संदेशावरून कळत नाही. नकार समजून विद्यार्थी पुन्हा शुल्क भरतो आणि दोनदा पैसे जातात. किंवा अर्ज पोचला असे मानून स्वस्थ बसतो आणि मुदत टळते. दोन्ही वेळी ठपका त्याच्यावरच येतो, कारण नेमके काय बिघडले हे सांगणारा शब्द त्याच्यापाशी नसतो.

शब्द कळला म्हणून डोळखांबला रेंज येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तक्रार कोणाच्या दारी न्यावी, हे त्या शब्दावरूनच कळू लागते. ‘सर्व्हर डाऊन’ या मोघम उत्तरात सगळ्यांचीच सुटका होते.

भाषा संचालनालय १९६० पासून आहे, राजभाषेचा कायदा १९६४ चा आहे. परिभाषाकोश आपण पुष्कळ केले. आता निदान शासकीय संकेतस्थळांवर तरी ‘पत्ता सापडला नाही’, ‘जोडणी नाकारली’, ‘जोडणी मध्येच तुटली’, ‘उत्तर आले नाही, पैसे पुन्हा भरण्यापूर्वी खाते तपासा’ एवढी चार साधी वाक्ये दिसावीत. तोवर विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एकच: पडद्यावरचा संदेश, तारीख आणि वेळ जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवा.