करवंटीला बांधलेली किल्ली

आमच्या घरातल्या बायका लांबच्या प्रवासाला निघाल्या की पहाटेचा चहा अर्धा कपच घेतात. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. कपात चहा उरतो, पाण्याच्या बाटल्या पिशवीच्या तळाशी जातात आणि गाडी इचलकरंजीजवळचं आमचं कबनूर सोडते.

गेल्या डिसेंबरात आम्ही सातजणी अशाच निघालो. सासूबाई, दोन जावा, नणंद, तिच्या दोन मुली आणि मी. क्रुझर ठरवली होती. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली आणि पुढं मालवणच्या दक्षिणेला, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते तिकडं. घाट उतरेपर्यंत निभावलं. खाली एका गावात रस्त्याकडेला देखणी, फरशी लावलेली इमारत दिसली. भिंतीवर स्वच्छतेची घोषणा, कोनशिलेवर नऊ नावं. दाराला कुलूप आणि कुलपावर गंज. मागं जाऊन बघितलं, तर टाकी होती; टाकीला पाइप नव्हता.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांना साखर आहे, थांबणं जमत नाही. "चल गं, झाडाआड बघू," म्हणाल्या. जावांनी शाल आडवी धरली. तेवढ्यात एका ट्रकवाल्यानं मुद्दाम हॉर्न वाजवला. गाडीत बसल्यावर सासूबाई कुणाशीच बोलल्या नाहीत.

ही काही नवी गोष्ट नाही. हे सगळं बायकांना पाठ आहे, म्हणून तर चहा अर्धा. पण त्याच दिवशी दुपारी जे बघितलं, ते नवं होतं, आणि म्हणून हे लिहायला बसले.

कर्लीच्या काठावरचं ते गाव फार लहान. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी, माड आणि चिऱ्याची घरं. आम्ही यंत्रमागांच्या खडखडाटात राहणारी माणसं. रात्री वीज जाऊन माग थांबले तर आम्हाला जाग येते. तिथली शांतता पहिल्यांदा कानात टोचल्यासारखी झाली. होडीच्या धक्क्याशेजारी एक छोटं दुकान, आणि त्याच्या मागं कौलारू छपराचे दोन संडास. इथंही दाराला कुलूपच. माझ्या पोटात गोळा आला.

पण दुकानातल्या बाईंनी न विचारताच किल्ली पुढं केली. किल्ली नारळाच्या करवंटीला सुतळीनं बांधलेली होती. एवढी मोठी करवंटी कुणी चुकूनही पर्समध्ये टाकून गावी नेणार नाही! पाच रुपये डब्यात टाकायचे. बाई म्हणाल्या, "जाताना बादली भरून ठेया. मागसून येतल्यांका व्हयी."

आत काय होतं, तेही सांगते, कारण असलं कुणी लिहीत नाही. भांडं साधं, बैठकीचं, पण घासलेलं. एका संडासात म्हाताऱ्या माणसाला धरून उठता यावं म्हणून भिंतीत लोखंडी दांडी. निळी बादली, दोरीनं बांधलेला मग. झाकणाचा डबा आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. ते कशासाठी ते कुठल्याही पोरीला सांगावं लागत नाही. कडी आतून नीट बसणारी. आणि दाराच्या मागं, बरोबर खांद्याच्या उंचीवर, एक खुंटी. बाहेर आल्यावर सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या: "पर्स अडकवायला खुंटी हाय बघ." सकाळपासून गेलेला त्यांचा आवाज त्या खुंटीनं परत आणला.

मी दुकानातल्या बाईंना विचारलं, मैला जातो कुठं? हा प्रश्न आमच्या भागातल्या माणसाला सुचतोच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं की काय होतं, ते आम्ही घराघरांत पाहिलं. कर्लीच्या काठी तर वाळूत थोडं खणलं की पाणी लागतं, आणि विहिरी परसात. नुसता शोषखड्डा काढला तर वरचं सगळं झिरपून शेजारच्या पोहऱ्यात येणार. बाई म्हणाल्या, "टाकी पक्की बांधलली आसा. भरली की गाडी येता." टाकी रस्त्याच्या बाजूला, म्हणजे उपसणाऱ्या गाडीची नळी पोचते, विहीर लांब, दुसऱ्या टोकाला. आणि साफ कोण करतं? गावातला बायकांचा बचत गट, आठवड्याच्या पाळीनं. पाळी सगळ्या वाड्यांची; डब्यातले पैसे जिची पाळी तिचे.

पाळीचं ऐकलं आणि मला येताना लागलेली कणकवली आठवली. तिथं वागद्याला अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे. १९३२ मध्ये अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी भंगीकाम मागितलं. जे काम जन्मानं एका जातीच्या माथी मारलं आहे ते मी करीन, एवढीच मागणी. ती नाकारली म्हणून त्यांनी उपास धरला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही डिसेंबरात त्यांच्या बाजूनं उपास सुरू केला. पुढं अप्पांनी गोपुरीला साधे, खत देणारे संडास बांधण्याचे प्रयोग केले. आमच्याकडं गाडगेबाबांचा झाडू भाषणात येतो. अप्पांचं नाव तर भाषणातही नाही. पण दोघांचं म्हणणं एकच होतं. घाण सगळ्यांची, मग साफसफाई एकाचीच का?

आता मुद्द्यावर येते. संडास बांधण्यात आपण मागं नाही. २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, २०१९ च्या गांधी जयंतीला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. २०१६ च्या केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गचा पहिला नंबर आला होता. पण मोजणी मुख्यतः घरातल्या संडासांची झाली. घराबाहेर पडलेल्या बाईचं काय? बाजारला आलेली, दवाखान्यात आलेली, एसटीची वाट बघणारी, ती कुणाच्या यादीत? पुण्याचं 'मिळून साऱ्याजणी' मासिक या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहांचे आदेश दिले. महापालिकेची हद्द संपली की पुढं झाडाआड.

पैसा नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक स्वच्छता संकुलाला तीन लाखांपर्यंत ठेवले होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला ६० टक्के वाटा बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. कोनशिला बसवण्यापुरते पैसे निघतात. अडतं ते त्यानंतर. नळाचं बिल कुणी भरायचं, कुलूप कुणी उघडायचं, ब्रश आणि फिनेल कुठनं आणायचं, टाकी उपसायला गाडी कुणी बोलवायची? माग विकत घेतला आणि तेल घालायला, धागा तुटला तर सांधायला माणूसच ठेवला नाही, तर कापड निघेल का? मागाच्या गावात हे लहान पोरालाही कळतं. संडासाच्या बाबतीत मात्र आपण माग उभा करतो, फोटो काढतो आणि शेडला कुलूप लावतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. ग्रामसभेत सार्वजनिक संडासाचा ठराव येईल तेव्हा बांधकामाच्या आकड्याखाली दुसरा आकडा मागा: वर्षभर चालवायला किती, आणि देणार कोण. तो आकडा नसेल तर ठरावाला हात वर करू नका. कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव हवं तर असू द्या, पण दारावर किल्ली ठेवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. साफ करणाऱ्याला पगार द्या, हातमोजे द्या, आणि ते काम ठरलेल्या गल्लीतूनच माणूस आणून करून घेऊ नका. बांधायच्या आधी एखाद्या बाईला आत उभी करून विचारा, खुंटी कुठं पाहिजे. पाच रुपये घ्यायला हरकत नाही. जिच्याकडं नसतील तिलाही किल्ली मिळाली, म्हणजे झालं.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. दोन संडासांच्या गावात उद्या पन्नास गाड्या गेल्या, तर ती टाकी पुरायची नाही.

घरी आल्यावर हे सगळं मी शेडात कौतुकानं सांगत होते. आमचे आठ माग आहेत. हिशेब माझ्याकडं असतो आणि कांड्या भरायला दोघीजणी येतात. सांगता सांगता माझंच बोलणं अडलं. अकरा वर्षं त्या आमच्याकडं आहेत. शेडात संडास नाही, आणि त्या कुठं जातात हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं. विचारलं तर थोरली हसली. "दुपारच्या सुट्टीत घरला जाऊन येतो की वैनी. तवर पाणीच पीत नाही."

दोघींच्या पाण्याच्या बाटल्या खिडकीत ठेवलेल्या असतात. संध्याकाळी त्या भरलेल्याच परत जातात, हे मी रोज बघत होते.